बोहारीण आणि बाविसावा श्लोक

अण्णा रोज संध्याकाळी साडेसातला देवघरापुढच्या पाटावर बसायचे आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले शेवटचे श्लोक म्हणायचे. 'स्थितप्रज्ञस्य का भाषा'पासून. अर्जुनाच्या प्रश्नाचा एक आणि कृष्णाच्या उत्तराचे अठरा, असे एकोणीस. शाळेतल्या मास्तरांनी लावलेली सवय. गांधीजींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला हेच श्लोक असायचे आणि मास्तर खादीवाले होते. सारं सात-आठ मिनिटांचं काम. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून शिट्टी आली, की 'क्रोधाद्भवति संमोहः' म्हणून श्वास घ्यायच्या जागी अण्णा कडाडायचे, "अरे, तो कुकर बंद करा कुणीतरी!" आणि लगेच त्याच पट्टीत, 'संमोहात्स्मृतिविभ्रमः'. आम्ही भावंडं आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसायचो.

रागातून मोह, मोहातून विसर, विसरातून बुद्धीचा नाश अशी ती उतरंड आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली. कुकर मात्र तिच्यात कायमचा जाऊन बसला. आजही तो श्लोक कुठे कानावर पडला की मी शिट्टीची वाट बघते.

हेच अण्णा साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. शाळा सुटली की कधीकधी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि खिडकीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसायची. बाहेर माणसांची भिंत. कोरेगाव कधी, मेढा लागली का, वडूज गेली का, तीन वाजताची पाटणला कशी लागली नाही अजून. एकदा एकाने हातातली पिशवी खिडकीच्या गजांवर आपटली, त्यातले टोमॅटो फुटून रस रजिस्टरवर आला. अण्णांनी रजिस्टर पुसलं, त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाले, "लागेल. बसा." आवाज तोच, जो सकाळी सहाला पहिल्या गाडीसाठी लागलेला असायचा. दिवसभरात हे दोन शब्द ते किती वेळा म्हणत असतील कोण जाणे. लागेल. बसा.

आणि घरी आले की वरणात मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे.

कॉलेजात गेल्यावर मला कंठ फुटला होता. एकदा विचारलंच, "अण्णा, स्टँडवर तुम्ही स्थितप्रज्ञ असता, मग घरी काय होतं?" मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते चपला काढत होते. एक काढली, दुसरीचा अंगठा सोडवता सोडवता म्हणाले, "स्टँडवरची गाडी माझी नसते गं."

एवढंच बोलून ते हातपाय धुवायला गेले. 'निर्ममो निरहंकारः' यावर मी नंतर व्याख्यानं ऐकली, टीका वाचल्या. त्या चपलेच्या अंगठ्याइतकी सोपी फोड मला कुणाकडे सापडली नाही. फक्त त्यात उपाय नव्हता. घरचं वरण तर आपलंच असतं. त्याचं काय करायचं, हे अण्णांनाही माहीत नव्हतं, म्हणून तर रोज साडेसातला पाटावर बसणं चालू होतं.

दादा नववीत असताना एकदा सहलीच्या पैशांवरून अण्णांच्या मागे लागला होता. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर अण्णा ओरडले, "जा, मर तिकडे कुठे मरायचं ते!" दादा खरंच निघून गेला. रात्री साडेनऊपर्यंत पत्ता नाही. अण्णा फाटकाशी उभे होते. जेवले नाहीत, बसले नाहीत. दादा मित्राकडून परत आला तेव्हा काही न बोलता त्यांनी फाटकाची कडी लावली आणि आत आले.

कठोपनिषद पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फाटक दिसलं. कारण त्याची सुरुवात अशीच आहे. वाजश्रवस यज्ञ करतो आणि दक्षिणा म्हणून म्हाताऱ्या गायी देतो. 'पीतोदका जग्धतृणा दुग्धदोहा निरिन्द्रियाः': प्यायचं ते पाणी पिऊन झालंय, खायचं ते गवत खाऊन झालंय, द्यायचं ते दूध देऊन झालंय, पुढे वासरू होणार नाही. (गोठा बघितलेल्या माणसाशिवाय ही ओळ कुणाला सुचणार नाही.) लहानगा नचिकेता ते बघतो आणि बापाला विचारतो, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप भडकून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. मुलगा निघतो. यम घरी नसतो, म्हणून तीन रात्री उपाशी त्याच्या दारात बसतो. ब्राह्मण अतिथी दारात उपाशी राहिला म्हणून यम ओशाळतो आणि तीन वर देतो.

त्या तीन वरांतल्या तिसऱ्याचीच चर्चा सगळीकडे होते. माणूस मेल्यावर उरतो की नाही, असं नचिकेता तिसऱ्यांदा विचारतो आणि मग आत्मविद्या सुरू होते. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम, आत्मा रथात बसलेला, ही प्रसिद्ध प्रतिमा तिथलीच. 'न जायते म्रियते वा' हा गीतेतला श्लोकही थोड्या फरकाने आधी तिथेच आहे. पण मुलाने पहिला वर काय मागितला? वडिलांचा राग जाऊ दे. त्यांचं मन शांत होऊ दे, आणि तू मला परत पाठवशील तेव्हा ते मला ओळखून माझ्याशी बोलू देत. साक्षात मृत्यू समोर उभा आहे, काय हवं ते माग म्हणतोय, आणि पोराला सगळ्यात आधी आठवतो तो बापाचा चढलेला पारा. आत्मा नंतर. 'वीतमन्युः' असा शब्द आहे तिथे, राग उतरलेला. मला तो शब्द 'स्थितप्रज्ञ'पेक्षा जवळचा वाटतो. राग कधी चढलाच नाही असा माणूस मी बघितलेला नाही. उतरलेला बघितलाय, फाटकाची कडी लावताना.

आईचं या बाबतीत वेगळंच होतं. ती संस्कृतच्या वाटेला गेली नाही. चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचायची, तीही स्वयंपाकघरात, पुस्तकावर पिठाची बोटं उमटलेली. एकदा भिशीच्या बायकांबरोबर नेवाशाला जाऊन पैसाचा खांब बघून आली होती. शके १२१२ला, म्हणजे १२९० साली, तिथे हे सगळं सांगितलं गेलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, हे तिला तोंडपाठ होतं. पण तिला जास्त कौतुक होतं ते एवढ्याचं, की माउली एका जागी टेकून बसले असणार आणि तेवढा वेळ त्यांना कुणी उठवलं नसणार.

अण्णांचं पठण संपलं की ती कधीकधी त्यांना डिवचायची. कासवाच्या श्लोकाचं मला लख्ख आठवतं. कासव जसं आपले अवयव सगळीकडून आत ओढून घेतं, तसा जो इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो त्याची प्रज्ञा स्थिर, असा तो श्लोक. आई म्हणाली, "तुमच्या गीतेतलं कासव नुसतं आत जातं. आमच्या माउलींचं आधी बाहेर येतं." आणि म्हणून दाखवलं, 'कां कूर्म जियापरी । उवाइला अवयव पसरी'. उवाइला म्हणजे प्रसन्न झालेला. ते कासव खुशीत असलं की हातपाय पसरतं आणि मनात आलं की आवरून घेतं. संस्कृत श्लोकात पसरण्याचा शब्दच नाही, फक्त 'संहरते' आहे. अण्णा क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "पसरायला जागा पाहिजे ना घरात." पण हसले. त्या दिवशी वरणाबद्दल काही बोलणं झालं नाही.

तेव्हा तो विनोद वाटला होता. आता वाटतं, शांत राहण्याबद्दल आमच्या घरात बोलली गेलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आईने पिठाच्या हाताने सांगून टाकली होती. आपण शांत माणूस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पाठ येते, टणक, वरून काही लागू न देणारी. पाय आत. डोकं आत. तसं तर दगडही बसतो. कवचाच्या आत कुणीतरी ओलं, मऊ आहे आणि त्याला बाहेर यावंसंही वाटतं, हे माउलींनी त्या एका शब्दात घालून ठेवलंय.

अण्णा गेले एक्याऐंशीव्या वर्षी. सहा दिवस अतिदक्षता विभागात होते. त्या सहा दिवसांत मी बाहेरच्या बाकावर बसून मनातल्या मनात पुष्कळ श्लोक म्हटले आणि एकाचाही उपयोग झाला नाही, हे कबूल केलं पाहिजे. तोंडाला कोरड पडलेली, हात थरथरत होते, अंगाची आग होत होती आणि पाय उभे राहायला तयार नव्हते. पुढे केव्हातरी पहिला अध्याय उघडला तर तिथे हीच यादी. 'सीदन्ति मम गात्राणि मुखं च परिशुष्यति', अंगाला कंप, काटा, त्वचेचा दाह, हातातून धनुष्य गळतंय. पहिला अध्याय आपण नेहमी पटकन उलटतो, कारण त्यात 'काही नाही', नुसती शंखांची नावं आणि अर्जुनाचं रडगाणं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून आलेल्या माणसाने मात्र सुरुवात तिथूनच करावी.

बातमी कळल्यावर घर भरलं. आत्या आली, आईजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वहिनी, रडायचं नाही. आत्मा अमर आहे. नैनं छिन्दन्ति शस्त्राणि, नैनं दहति पावकः." तिचाही सख्खा भाऊ गेला होता, तिला काही कमी दुःख नव्हतं. पण आई पदराने नाक पुसत म्हणाली, "अमर आहे हो, वन्सं. मला माहितीये. पण सकाळी मी चहाचं पाणी दोन कपांचं टाकते, त्याचं काय करू?"

कुणी काही बोललं नाही. कुणीतरी उठून पंखा एक घर कमी केला.

त्या रात्री मी कृष्णावर चिडले. कारण आत्याने केलं ते त्यानेच सुरू केलेलं. अर्जुन रडतोय, आणि हा 'प्रहसन्निव', हसल्यासारखं करून म्हणतो, ज्यांच्यासाठी शोक करू नये त्यांच्यासाठी तू शोक करतोस आणि वर शहाणपणाच्या गोष्टी सांगतोस. मयताच्या घरी कुणी असं बोललं तर आपण त्याला दारातून परत पाठवू. पण मग तीन श्लोक मागे गेले. तिथे अर्जुन म्हणतो, मी तुझा शिष्य, तुला शरण आलोय, मला शिकव. म्हणजे त्याने मागितलं होतं. पूर्ण रडून झालं, नाही म्हणून झालं, मी लढणार नाही हे सांगून टाकणार होता, त्याआधी त्याने स्वतःच्या तोंडाने विचारलं. आणि मग उत्तर आलं. आईने काही विचारलं नव्हतं. आपण हा श्लोक वापरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याचं रडणं आपल्याला सोसत नाही म्हणून. औषध खरं, पण ज्याने मागितलं त्याच्यासाठी, आणि बहुधा स्वतःच्याच घशात ओतायचं.

दहाव्याला संगम माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तो घाट. दादाने पिंड मांडले, काळे तीळ, दर्भ, वर फुलं. आणि मग सगळे मागे सरकून वडाकडे बघायला लागले. कावळे होते. भरपूर होते. एकही खाली येईना.

हा प्रकार ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, पाचएक मिनिटांनी माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. काहीतरी इच्छा राहिलीय. दादा पुढे होऊन म्हणाला, आईची काळजी करू नका, मी आहे. कावळे जागचे हलले नाहीत. काका म्हणाले, गावच्या जमिनीचं मी बघतो. कावळे बघत राहिले. मी मनातल्या मनात बरंच काय काय कबूल केलं, ते इथे लिहिणार नाही. वीस मिनिटं झाली. गुरुजींनी मोबाइलवर वेळ बघितली आणि दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात, ती तयारी. तेवढ्यात मागच्या बाजूने एक कावळा आला, आधी शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला चोच लावली, मग आमच्या. रांग त्याला ठाऊक नव्हती. सगळ्यांनी हात जोडले. दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

परत येताना मी गुरुजींना विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण राहवलं नाही. "आत्मा जन्मत नाही, मरत नाही, त्याला काही चिकटत नाही. मग वीस मिनिटं अडकलं होतं कोण?" गुरुजी तरुण होते, स्कूटरची किक मारत होते, त्यांना पुढे अजून एक दहावा होता. म्हणाले, "पंधरावा अध्याय येतो ना ताई? आठवा श्लोक बघा." आणि गेले.

पंधरावा अध्याय येत होता. आमच्याकडे रात्री जेवायच्या आधी म्हणायचा नियमच होता, वीस श्लोक, आणि पानात गरम भात वाढलेला असल्याने आम्ही ते रेल्वेसारखे म्हणायचो. अर्थ कुणाला बघायचाय? घरी येऊन पुस्तक काढलं. जीव एक शरीर सोडतो, दुसरं धरतो तेव्हा मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो, 'वायुर्गन्धानिवाशयात्', वारा जसा फुलातून वास घेऊन जातो तसा. म्हणजे वारा शुद्धच. त्याला आकार नाही, रंग नाही. पण ज्या बागेवरून आला तिचा वास काही वेळ त्याच्यात राहतो. आत्मा अडकत नाही हे खरं, आणि काहीतरी अडकतं हेही खरं. वास अडकतो.

आई घरीच होती. तिने एवढंच विचारलं, "कधी शिवला?"

"वीस मिनिटांनी."

"वीस मिनिटं लेट," ती म्हणाली. "चालतंय. त्यांच्या वेळी गाड्या तासतासभर लेट असायच्या."

पुढच्या काही महिन्यांत मी गीता जरा नेटाने वाचली, आणि महाभारतात तिच्या पुढचं-मागचंही. आपण गीता वेगळी काढून, लाल कापडात गुंडाळून ठेवतो, त्यामुळे पुढे काय झालं ते विसरतो. गीता सांगितली गेली युद्धाच्या पहिल्या दिवशी. तेराव्या दिवशी अभिमन्यू मारला गेला. संध्याकाळी छावणीत परतल्यावर अर्जुनाला ते कळलं, आणि ज्याने अठरा अध्याय प्रत्यक्ष कृष्णाच्या तोंडून ऐकले होते तो माणूस ऊर फुटून रडला. उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारलं नाही तर अग्नीत उडी घेईन, अशी शपथ घेऊन बसला. दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते 'नैनं दहति पावकः' ऐकून. कृष्ण तेव्हा जवळच होता. त्याने त्याला अभिमन्यू शूरांच्या गतीला गेला असं सांगून धीर दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा रथ हाकला.

त्याहून भारी गोष्ट आश्वमेधिक पर्वात आहे. युद्ध संपलं, राज्य मिळालं, कृष्ण द्वारकेला परत जायच्या बेतात आहे. आणि अर्जुन त्याला म्हणतो, रणांगणावर तू मला जे सांगितलंस ना, ते मी विसरलो. पुन्हा सांग. कृष्ण वैतागतो. तुझी श्रद्धा कमी, बुद्धी कच्ची, असं चांगलंच सुनावतो. मी तेव्हा योगयुक्त होऊन बोललो होतो, ते जसंच्या तसं आता मलाही सांगता येणार नाही, म्हणतो. आणि मग एक वेगळं आख्यान लावतो. तीच अनुगीता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून मोठ्याने हसले. म्हणजे पहिला श्रोता विसरला, आणि सांगणाऱ्यालाही पुन्हा तसंच सांगता येईना! मग अण्णांनी पन्नास-साठ वर्षं रोज तेच एकोणीस श्लोक म्हटले, यात नवल ते काय? लहानपणी मला वाटायचं, एवढं म्हणूनही राग जात नाही म्हणजे म्हणणं फुकट. आता ते उलट दिसतं. विसरायला होतं म्हणून तर रोज म्हणायचं. सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. तेव्हा कृष्ण आधी 'असंशयं' म्हणतो. शंकाच नाही, तुझं बरोबर आहे. मग म्हणतो, अभ्यासाने जमतं, आणि वैराग्याने. अभ्यास म्हणजे तेच ते, परत परत. कुकरच्या शिट्टीसकट.

टिळकांचीही एक गोष्ट सांगायला हवी. गीतेतून कर्मयोग काढणारा एवढा मोठा माणूस. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या थंडीत शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं. पुढे १९१२मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, आणि ती बातमी त्यांना तुरुंगात कळली. तेव्हा घरी धाडलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं, की संकटं शांतपणे घ्यायची मला सवय आहे, पण या बातमीने मी बराच हादरलो. गीतारहस्य लिहून झालं होतं. 'दुःखेष्वनुद्विग्नमनाः'चा अर्थ त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार? तरी हादरले, आणि तसं लिहूनही टाकलं. मला त्यांच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा ते वाक्य मोठं वाटतं. हादरलो म्हणायलाही आत काहीतरी न हादरलेलं शिल्लक लागतं, नाहीतर वाक्य पुरं होत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि आईने अण्णांचं कपाट उघडलं.

कपाटातून वास आला. डांबराच्या गोळ्यांचा, चंदनाच्या साबणाचा, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी कुठल्यातरी शिवणीत राहिलेला स्टँडचा, डिझेलचा. पंधराव्या अध्यायातला आठवा श्लोक तिथे हँगरला लटकत होता. वाऱ्याने सगळा वास नेला नव्हता.

बोहारीण दर महिन्या-दोन महिन्यांनी यायची. तिने ओसरीवर पाटी उतरवली, त्यात स्टीलची भांडी चकचकत होती, आणि मांडी घालून बसली. आईने कपडे आणून तिच्यापुढे ठेवले. नऊ पँटी, अकरा शर्ट, लग्नात शिवलेला कोट. बोहारीण एकेक उचलून उजेडात धरायची, बसायच्या जागी कापड विरलंय का बघायची, बगलेत बोट घालायची, कॉलर उलटी करायची.

"गळा गेलाय ओ मामी ह्याचा."

"कुठे गेलाय? उलटवून घेतलीय ती कॉलर. नवी आहे वरची बाजू."

"ह्याला टोप नाय बसत. ताट घ्या दोन."

"ताटं आहेत माझ्याकडे. टेरिकॉट आहे हे, बाई. हात लावून बघ. वीस वर्षं घातलं तरी काही होत नाही याला."

वर्षभरात मी आईला कुणाशी एवढं भांडताना बघितलं नव्हतं. गाल लाल झाले होते. मी दारात उभी होते आणि डोक्यात दुसऱ्या अध्यायातला तो बाविसावा श्लोक घुमत होता, न घुमून सांगतो कुणाला. 'वासांसि जीर्णानि यथा विहाय'. माणूस जुने कपडे टाकून नवे घेतो, तसा आत्मा जुनी शरीरं टाकून नवी घेतो. आईच्या पुस्तकात 'जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे'. माउलींच्या काळी घालायचं कमी आणि वेढायचं जास्त, म्हणून वेढिजे. किती सोपं आहे ते. पण आमच्या ओसरीवर हिशेब उलटा झाला होता. कपडे जीर्ण झालेच नव्हते. टेरिकॉट होतं. आत कुणी नव्हतं.

आणि श्लोकात टाकलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं ते येत नाही. ते आमच्या बायकांच्या खात्यावर. धोतराची गोधडी, लुगड्याची लंगोटी आणि मग पोतेरं, बनियनचं फडकं. काही शिल्लक असेपर्यंत टाकायचं नाही.

शेवटी सौदा दोन लिटरच्या पातेल्यावर तुटला, वर झाकणी. बोहारणीने गठ्ठा बांधायला घेतला. आईने एकदम पुढे वाकून त्यातला एक शर्ट ओढून काढला. आकाशी, बारीक रेघांचा. खिशाच्या कडेला पेनाच्या शाईचा डाग होता, रजिस्टर लिहायच्या पेनाचा.

"हा नको."

"मग झाकणी नाय मिळायची, मामी. ठरलं तसं नाय ना ऱ्हायलं."

"राहू दे झाकणी."

बोहारीण झाकणी पाटीत ठेवून, गठ्ठा डोक्यावर घेऊन निघून गेली. आई तो शर्ट घेऊन बराच वेळ ओसरीवर बसली. मग घडी घालून देवघराच्या खालच्या खणात ठेवला, पितळेच्या समया पुसायला म्हणून. अजून एकाही समईला तो लागलेला मी पाहिला नाही.

पातेलं रोज वापरात आहे. आई त्यात दूध तापवते, वर झाकण म्हणून एक ताटली ठेवते, आणि ताटली आकाराने लहान असल्यामुळे दर वेळी आत घसरते.